लोकसंख्या : नऊ

कुही
७ जुलै २०२५

ती. रुपमामा,
सविनय जय भीम.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तुमच्याशी फोनवर बोलणं म्हणजे अर्ध्या कुहीला ऐकवणं. मी ओरडते, तुम्ही "कोण? कोण?" करता आणि शेवटी यमुमामी फोन ओढून घेतात. त्यापेक्षा हे बरं.

मोहटोल्याची शाळा सुरू झाली. चौदा किलोमीटर स्कूटीने जाते. दोन खोल्या आहेत, त्यातली एक गळते. दुसरे गुरुजी बदलून गेले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. त्यामुळे पहिली ते चौथी सगळे एका कोरड्या खोलीत आणि त्यांच्यापुढे मी एकटी.

तुम्ही दिलेला जगाचा नकाशा भिंतीवर आहे. चौथीतल्या विक्कीने परवा पॅसिफिक महासागरावर बोट ठेवलं आणि या मुंग्या कशाच्या म्हणून विचारलं. मी सांगितलं, बेटं आहेत. तिथे माणसं राहतात का, शाळा असते का, तिला मास्तर किती, असं सुरू झालं. मी पडले गणिताची, मला एकही उत्तर नीट देता आलं नाही. आता पोरं रोज विचारतात. एखाद्या चिमुकल्या बेटाच्या देशाची माहिती तुमच्या अक्षरात लिहून पाठवाल का? पोस्टमन शाळेत पत्र घेऊन येतो हीच मुलांना मोठी जत्रा वाटेल.

दहाच्या आत पट असलेल्या शाळा यंदा बंद करून दुसऱ्या शाळेला जोडणार, अशी चर्चा आहे. तीस सप्टेंबरचा पट धरतील म्हणे. आमचा पट अकरा आहे, तेव्हा काळजी नाही.

तुमची,
नंदिनी

नंदनवन, नागपूर
१५ जुलै २०२५

चि. नंदिनी,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे. निवृत्त होऊन मला सोळा वर्षं झाली, या सोळा वर्षांत भूगोलाचा एक प्रश्न कुणी विचारला नव्हता. तुझ्या विक्कीला माझ्याकडून एक शाबासकी दे. पुढचं त्यांना वाचून दाखव.

मुलांनो, देशाचं नाव तुवालू. पॅसिफिक महासागरात नऊ बेटं, सगळी मिळून सव्वीस चौरस किलोमीटर. आपल्या नागपूर शहरात असे आठ देश सहज मावतील. लोकसंख्या दहा-अकरा हजार. राजधानी फुनाफुटी. तुवालू या नावाचा अर्थ आहे "एकत्र उभे असलेले आठ". आधी आठ बेटांवर वस्ती होती, नवव्यावर नंतर झाली.

तिथे नदी एकही नाही. छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात आणि तेच पितात. नारळ आहे, मासे आहेत. खड्डे खणून त्यात आपल्या धोप्याच्या, म्हणजे अळूच्या जातीचा एक मोठा कंद लावतात. विमानतळाला एकच धावपट्टी. विमान नसलं की पोरं तिच्यावर खेळतात आणि भोंगा वाजला की बाजूला होतात. सगळ्यात उंच जागा जेमतेम साडेचार मीटर, म्हणजे तुमच्या शाळेच्या छपराहून थोडीच वर. समुद्र वाढतो आहे म्हणून त्यांना घोर आहे.

आता नीट ऐका. जगातल्या देशांची एक सभा आहे, संयुक्त राष्ट्रं. तुवालू तिथे २००० साली सभासद झाला. त्या मोठ्या सभागृहात आपल्या एवढ्या भारताला एक मत आणि तुवालूलाही एक मत. मूर्ती लहान पण कीर्ती महान.

तिथले पुष्कळ लोक कामासाठी न्यूझीलंडला, ऑस्ट्रेलियाला जातात. देशाची माहिती लिहिताना किती आहेत तेवढंच लिहून भागत नाही, किती गेले हेही लिहावं लागतं. भूगोलात खोटं चालत नाही.

नंदिनी, तुझ्या पट-बिटाचं वाचलं. माझ्या वडिलांना सही येत नव्हती. छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आले आणि पहिलं काम केलं ते माझ्या थोरल्या भावाचं नाव शाळेत घालण्याचं. तेव्हापासून घरात एकच धाक होता, शाळा चुकवायची नाही. तेव्हा तुझी शाळा टिकली पाहिजे. काही लागलं तर सांग.

तुझा,
रुपमामा

कुही
१८ ऑगस्ट २०२५

ती. रुपमामा,
सविनय जय भीम.

तुमच्या पत्राने शाळेत नुसता धुमाकूळ घातला आहे. ते दुमडून दुमडून फाटलं, आता पारदर्शक पट्टी लावून नकाशाखाली चिकटवलं आहे. रोज येणारी मुलं नेमकी नऊ, त्यामुळे प्रत्येकाने एक बेट घेतलं. तिसरीतली रोशनी अंगाने सगळ्यात लहान, तिच्या वाट्याला नववं आलं. ते नावात मोजलेलं नाही म्हणून ती एक दिवस रुसली होती.

त्यांना सगळ्यात जास्त भिनलं ते मताचं प्रकरण. विक्कीने मला तीनदा विचारलं, "त्याईचा हात अन् आपला हात सारखाच मोजते का, मॅडम?" मी तीनदा हो म्हटलं. मग त्यांचं आपसात ठरलं की आपणही आपल्या देशाची माहिती लिहायची, म्हणजे आपल्यालाही कोणी विचारेल. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर त्यांनी ती सगळ्या गावासमोर वाचायची असं ठरलं होतं, पण पावसाने नाल्याला पूर आला आणि मीच पोचू शकले नाही.

ती माहिती सोबत पाठवते. दोन पानं आहेत. पहिल्या पानावर शाळेचं चित्र आहे. दुसरं पान त्यांनी माझ्याशिवाय लिहिलं आणि मी अजून वाचलेलंही नाही. आज दिवसभर मोबाइलवर कसली तरी माहिती भरायची होती, पोस्टमन दारात उभा होता, मी तशीच पानं पाकिटात घातली. पहिले वाचक तुम्हीच.

तुमची,
नंदिनी

(सोबतचं दुसरं पान)

आमच्या देशाची माहिती
देशाचे नाव : मोहटोला शाळा.
लोकसंख्या : नऊ. मुली पाच, मुले चार.
राजधानी : कोरडी खोली.
पाणी : हातपंप एक. नदी नाही, नाला आहे. पावसात नाला देशाला वेढतो.
मुख्य अन्न : खिचडी.
सर्वात उंच जागा : पाण्याची टाकी. चढायला मनाई आहे.
बाहेर गेलेले लोक : दोन. सोनिका आणि सुशील. ते मे महिन्यात आईबाबांसोबत नागपूरला गेले. त्यांची नावे अजून हजेरीत आहेत, कारण ते परत येणार आहेत.
मागणी : आम्हाला पण एक मत पाहिजे.

नंदनवन, नागपूर
२ सप्टेंबर २०२५

चि. नंदिनी,
सप्रेम जय भीम.

आज चार दिवस झाले, ती दोन पानं खिशात घालून फिरतो आहे. दवाखान्यात कान दाखवायला रामदासपेठेत गेलो, तिथे डॉक्टरांनाही वाचायला दिली. यमू म्हणते, स्वतःच्या नातवंडांची पत्रं अशी कधी मिरवली नाहीत. मी म्हटलं, त्यांनी लिहिली तर मिरवीन.

पहिलं पान छान आहे, पण दुसरं त्याहून सरस. पोरांनी माझा एकही मुद्दा सोडला नाही. छत्तीस वर्षं खडू झिजवला, पण मी सांगितलेलं इतक्या तंतोतंत कोणी पाळलं नव्हतं. मला भरून आलं, हे तुला सांगायला मला लाज नाही.

आता मी एक गंमत करतो आहे. काय ते विचारू नकोस. तुझ्या त्या पटाच्या चिंतेलाही तिने थोडा उतारा पडेल असं वाटतं. अशी शाळा जगाला दिसली तर ती बंद करायची हिंमत कोणाची आहे?

मुलांना सांग, मागणी वाचली. माझं मत त्यांना.

तुझा,
रुपमामा

कुही
१२ सप्टेंबर २०२५

ती. रुपमामा,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र काल मिळालं. गंमत कसली करताय? मी रोशनीला विचारलं की दुसऱ्या पानावर काय लिहिलं होतं. तिने घडाघडा म्हणून दाखवलं, तिला सगळं पाठ आहे.

मामा, जुलैमध्ये मी तुम्हाला पट अकरा आहे असं लिहिलं. कागदावर तो आहेच, पण शाळेत नऊच मुलं आहेत. सोनिका आणि सुशील ही चंद्रभान आणि शामला यांची मुलं. चंद्रभान मे महिन्यात एका इमारतीच्या बांधकामावर राखणदार म्हणून नागपूरला गेला, बायकोमुलांना घेऊन. जाताना तो दाखले मागायला आला होता. मी त्याला सांगितलं की दिवाळीपर्यंत थांब, नाव राहू दे, तुझ्या गावची शाळा वाचेल. त्याने ऐकलं. मी बाई आहे, मास्तरीण आहे, म्हणून ऐकलं. मी रोज त्या दोघांपुढे हजर लिहिते. खिचडी नऊ जणांचीच शिजते, पण हजेरीत अकरा आहेत.

इतर मुलांसमोर हे सगळं उघड चालतं. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही, कारण ती दोघं परत येणार असं मीच त्यांना सांगितलं आहे.

शाळा बंद झाली तर पुढची शाळा सहा किलोमीटरवर, नाल्यापलीकडे. पाच मुलींपैकी एकही तिथे जाणार नाही. मी आयांना एकेकीला विचारून बघितलं आहे. म्हणून हे केलं. तुम्हाला राग येईल हे मला माहीत आहे.

हे फोनवर ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. ते दुसरं पान कोणालाही दाखवू नका. तीस सप्टेंबर उलटून जाऊ द्या, मग हवं तर रागवा.

तुमची,
नंदिनी

नंदनवन, नागपूर
२२ सप्टेंबर २०२५

चि. नंदिनी,

तुझं बारा तारखेचं पत्र आज, सोमवारी मिळालं. आमचा पोस्टमन आठवडाभर रजेवर होता. पत्र गठ्ठ्यात पडून राहिलं.

पान काल छापून आलं. माझी जुनी विद्यार्थिनी कामिनी एका वर्तमानपत्राची रविवारची मुलांची पुरवणी बघते. मी स्वतः तिच्याकडे दोन्ही पानं नेऊन दिली होती. तिला इतकी आवडली की तिने काटछाट न करता मुलांच्या अक्षरातच छापली. वर शाळेचं नाव, तालुका, सगळं आहे. ती गंमत ही. कात्रण सोबत पाठवत नाही, माझ्याने पाकिटात घालवत नाही.

पत्र वाचल्यावर मी तसाच रिक्षाने कामिनीकडे गेलो. तिला खरं कारण सांगता येईना. एवढंच म्हणालो की ते पान मागे घेता येईल का. ती म्हणाली, सर, छापलेलं मागे कसं घेणार, लोकांचे फोन येत आहेत, सगळ्यांना फार आवडलं आहे. मी तिथेच बाकावर बसून राहिलो. तिने पाणी दिलं.

मला राग आला का, तर आला. पण तो कोणावर काढू? जुलैतच मला खरं सांगितलं असतंस तर मी गप्प बसलो असतो का, हे मी स्वतःला विचारलं. बसलो असतो. आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका सांगितलं, आणि तुझ्या नऊ पोरांसाठी मी खुशाल गप्प बसलो असतो. पण मला काही माहीत नव्हतं. करायला गेलो काय आणि झालं काय.

सगळेच काही मुलांची पुरवणी वाचत नाहीत. तेवढीच आशा धरून बसलो आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येशील तेव्हा घरी ये.

रुपमामा

कुही
१४ ऑक्टोबर २०२५

ती. रुपमामा,
सविनय जय भीम.

दसऱ्याला मी आले नाही. आयुष्यात पहिल्यांदा चुकवलं. तुमच्यासमोर उभं राहायचं धैर्य नव्हतं आणि तुम्हाला माझ्यासमोर उभं करायचंही नव्हतं.

तालुक्याचे शिक्षण खात्याचे साहेब पंचवीस सप्टेंबरला आले. त्यांच्या हातात कात्रण होतं. माणूस वाईट नाही. मुलांच्या पाठीवर थाप मारली, बिस्किटं आणली होती, ती वाटली. मुलांना वाटलं पेपरातली माहिती वाचून आपल्याला भेटायला आले. विक्कीने त्यांना सगळा देश फिरवून दाखवला. हातपंप, टाकी, गळकी खोली. साहेबांनी विचारलं की बाहेर गेलेले दोघं कधी गेले. विक्की म्हणाला, "मे मईन्यात जी. अजून याचेच आहेत." साहेबांनी हजेरी मागितली. मी ती त्यांच्या हातात दिली. जून-जुलैपासूनची हजर, हजर, हजर. त्यांनी एकेक पान उलटलं आणि एवढंच म्हणाले की मॅडम, तुम्ही पेपरात दिलं नसतं तर मी आलोही नसतो.

शाळा दिवाळीनंतर पलीकडच्या शाळेला जोडली जाणार. माझ्याकडे खुलासा मागितला, तो मी दिला. सगळं खरं लिहिलं. माझं काय व्हायचं ते होईल.

एक काम आहे. सोनिका आणि सुशीलचे दाखले सोबत पाठवते. चंद्रभानचा फोन बंद लागतो. तुमच्या नंदनवनापुढे रिंग रोडच्या बाजूला सात मजली इमारत चालू होती, तिथे तो होता. मामा, त्या दोघांना नागपुरात कोणत्याही शाळेत घातलेलं नाही. दाखला माझ्याकडे होता, आणि मीच बापाला थांब म्हटलं होतं. तीन महिने मी त्यांना इथे हजर लावलं आणि ती दोघं कुठेच हजर नव्हती. नऊ जणांची शाळा वाचवायला दोघांची घालवली, आणि वाचली एकही नाही. तेवढं त्यांचं नाव कुठेतरी घाला.

तुमची,
नंदिनी

नंदनवन, नागपूर
३ नोव्हेंबर २०२५

चि. नंदिनी,
सप्रेम जय भीम.

दाखले मिळाले. मी त्याच दिवशी गेलो. इमारत सापडली, पण तिथे आता दुसराच राखणदार आहे. स्लॅबचं काम संपल्यावर ठेकेदाराने जुनी माणसं हलवली. एकाने बुटीबोरी सांगितलं, दुसऱ्याने रायपूर. ठेकेदाराचा नंबर मिळवला, यमूने फोन केला, त्याला चंद्रभान हे नावच आठवेना.

बुटीबोरीलाही जाऊन आलो, दोनदा. तीन बांधकामांवर विचारलं. एका ठिकाणी वाळूच्या ढिगावर पाच-सहा मुलं खेळत होती, मी प्रत्येकाला नाव विचारलं. माझे कान चालत नाहीत म्हणून त्यांना जमिनीवर लिहून दाखवा म्हटलं. त्यातल्या एकालाही लिहिता येत नव्हतं. शेवटी त्यांच्यातल्या मोठ्या मुलीने यमूच्या कानात नावं सांगितली. त्यात आपली दोघं नव्हती.

आमच्या इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या की मुलं आणा, मी लगेच घेते. दाखले माझ्या कपाटात आहेत. शोधायचं थांबवलेलं नाही, पण तुला खोटी आशा दाखवत नाही.

माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही. किती गेले तेही लिहावं लागतं, हे मीच शिकवलं. त्या ओळीवाचून माहिती काही अडली नसती. मास्तरकीची खुमखुमी, दुसरं काय. मला एकदा मोहटोल्याला येऊन मुलांपुढे हे कबूल करायचं आहे. कधी येऊ?

तुझा,
रुपमामा

कुही
२४ नोव्हेंबर २०२५

ती. रुपमामा,
सविनय जय भीम.

तुम्ही येऊ नका. मुलं एका जागी नाहीत, कोणापुढे कबूल कराल?

नेण्या-आणण्याला गाडी येणार होती, ती अकरा दिवस आली. मग रस्ता खराब म्हणून बंद झाली. आता विक्की आणि दुसरे दोघं सायकलने जातात. एक मुलगा मामाकडे पाठवला. पाचही मुली घरी आहेत. रोशनीचे आजोबा धोंडबा मला म्हणाले, "पोरगी तिसरीवरी शिकली, पुष्कळ झालं जी मॅडम. आमाले तर तेवढंबी नोयतं." ते मला बरं वाटावं म्हणून बोलत होते. मला तालुक्याच्या कार्यालयात कागद लावायला बसवलं आहे, निर्णय व्हायचा आहे.

परवा शाळेचं कपाट आणि खुर्च्या न्यायला ट्रॅक्टर आला, त्याच्यासोबत मला जावं लागलं. रोशनी धाकट्या भावाला कडेवर घेऊन बांधावर उभी होती. सामान भरून झाल्यावर जवळ आली आणि म्हणाली, "आमी खरं लिवलं म्हून शाळा गेली का जी, मॅडम?"

मी म्हटलं, नाही गं. शाळा तशीही जाणार होती.

मामा, इतके महिने मी हजेरीत खोटं लिहिलं, पण पोरीच्या तोंडावर खोटं बोलले ते पहिल्यांदाच. मग तिने भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मला म्हणाली, "तुमी सांगून राहिल्या म्हून मी हो म्हणतो." आणि घराकडे निघून गेली. मी तिला हाक मारली नाही.

तुमची,
नंदिनी